हळदीच्या चार कोपऱ्यांचा दावा

मंगळवार, ता. १९ ऑगस्ट १९५८. सकाळी दहा चाळीसला माझ्या आत्याचा दावा कोर्टाच्या खिडकीतून आत गेला आणि दहा सेहेचाळीसला बाहेर आला.

मधल्या सहा मिनिटांत खिडकीपलीकडच्या कारकुनाने चष्मा दोनदा पुसला, पानं एकदा उलटली आणि एका चिठ्ठीवर दावा परत करण्याची चार कारणं लिहिली. या वेळा अचूक आहेत. मी बातमीदार आहे. घड्याळ पाहिल्याशिवाय मला शिंकही येत नाही.

तर वाचकहो, माझी फुशारकी आधीच ऐकून घ्या, कारण पुढे ती तुम्हाला कुठे सापडणार नाही. मद्रासच्या एका इंग्रजी दैनिकाला मी अकरा वर्षं कोर्टाच्या बातम्या पुरवतो आहे. खून, दिवाळखोरी, दत्तकाची भांडणं, देवळाच्या हत्तीचा माहूत कोणी नेमायचा याचा वाद, सगळं मी संध्याकाळी साडेपाचच्या आत चारशे शब्दांत बसवलेलं आहे. अकरा वर्षांत माझ्या एकाही बातमीवर दुरुस्ती छापावी लागलेली नाही. त्यामुळे आत्याने दावा लावायचं काढलं तेव्हा मी सांगून टाकलं की वकील कशाला हवा? कागद लिहायचा, स्टँप चिकटवायचा, खिडकीत द्यायचा. अर्ध्या तासाचं काम!

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. अकरा वर्षं मी बसलो होतो तो वरच्या मजल्यावर, न्यायाधीशांसमोरच्या बाकावर, पंख्याखाली. खटला जिथे जन्माला येतो ती खालची खोली मी कधी पाहिलीच नव्हती. जन्मभर लग्नाच्या पंगतीत जेवलेल्या माणसाने एक दिवस मुदपाकखान्यात शिरून "सरका, पाचशे पानांचं सांबार मी करतो" म्हणावं, तसा तो प्रकार होता.

दावा होता झोपाळ्याचा. आमच्या घरात त्याला ऊंजल म्हणतात. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन तिथेच मुक्कामाला राहिली, आणि शेजारच्या तमिळने तिला असे पुष्कळ शब्द उसने देऊन ते परत कधी मागितले नाहीत. हा झोपाळा म्हणजे फणसाच्या लाकडाची साडेपाच फूट लांब फळी, चार पितळी साखळ्या आणि फळीच्या कडेला कोरलेले पोपट. एका पोपटाची चोच तुटली आहे. विशालाक्षीआत्याच्या आजीच्या लग्नात तो तयार झाला. आमच्याकडे लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणतात. आत्याची आजी, आई, स्वतः आत्या आणि तिची मुलगी, अशा चार नवऱ्या या फळीवर बसल्या. पाचवी होती आत्याची नात वसंता. तिचं लग्न चार सप्टेंबरला ठरलं होतं.

आणि फळी होती राममूर्तींच्या घरी.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही ट्रिप्लिकेनला राममूर्तींच्या घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत होतो. आत्या, तिचे यजमान गुरुमूर्ती म्हणजे माझे आतोबा, आणि त्यांच्याकडेच लहानाचा मोठा झालेला मी. झोपाळा पुढच्या सामाईक खोलीत टांगलेला असे. मग आम्ही एग्मोरला घर बदललं. सामान हलवायच्या दिवशी राममूर्तींनी झोपाळा द्यायचं नाकारलं. तोंडी नाही, लेखी. छतातल्या कड्या घराच्या आहेत, सबब कड्यांना टांगलेली वस्तू घराचाच भाग होते, असं त्यांनी बावीस ऑगस्ट १९५५च्या पत्रात क्रमांक घालून कळवलं. राममूर्ती कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ. एकतीस वर्षं त्यांच्या हाताखालून दावे गेले होते. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले, सवय तेवढी राहिली.

अशी वस्तू परत मागायची तर नकार मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्यानंतर कायदा कानावर हात ठेवतो. तीन वर्षं आत्या गप्प होती. का, ते मी विचारलं नाही. बातमीदाराने विचारायला हवं होतं. आता मुदत संपत आली आणि वसंताचं लग्नही आलं, तेव्हा आत्या मला म्हणाली, "राघोत्तमा, मला ऊंजल होणा. काय करायचं ते कर."

'होणा' म्हणजे हवा. आत्याचं 'होणा' ऐकल्यावर विचार करायची सोय आमच्या घरात नाही.

मी हिशेब केला. मुदत गुरुवारी, एकवीस तारखेला संपत होती. सोमवारी मी दावा लिहून काढला. इंग्रजी शुद्ध, पहिल्या वाक्यात कोण, काय, कुठे, केव्हा. झोपाळ्याची किंमत नव्वद रुपये धरली, कारण कोर्टाची फी किमतीवर लागते आणि जुन्या फळीला नव्वद म्हणजे चांगलीच किंमत होती. तेवढ्या फीचे स्टँपही घेऊन ठेवले. वसंता टायपिंगची परीक्षा पास झालेली. ती आवडी गावातल्या सरकारी क्वार्टरमधून आईवडलांना सोडून लग्नापर्यंत आजीकडे राहायला आली होती. कागद टाइप करायला तिला देऊन मी निश्चिंत मनाने कचेरीत गेलो.

मंगळवारी खिडकीवरून परतल्यावर मला कळलं की माझ्या पश्चात आत्याने कागद वाचून दाखवायला सांगितलं होतं. नव्वद ऐकताच ती उठून उभी राहिली. माझ्या आजीच्या ऊंजलला नव्वद? सरकारच्या दप्तरात कायमचं नव्वद? त्यापेक्षा दावा नको, म्हणाली. वसंताने आजीचं मन राखलं आणि नव्वदच्या जागी तीन हजार टाइप केले.

कारकुनाच्या चिठ्ठीतली कारणं मी जशीच्या तशी देतो. एक, किंमत तीन हजार, या कोर्टाची मर्यादा दोन हजार. दोन, किंमत तीन हजार, पण फी नव्वदची. तीन, प्रतिवादीसाठी नक्कल जोडलेली नाही. चार, वस्तूचं वर्णन वेगळ्या परिशिष्टात दिलेलं नाही. कागदाच्या चारी कोपऱ्यांना लावलेल्या हळदीबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. शुभकार्याच्या कागदाला हळद लावतात हे मद्रासमध्ये कोणालाही सांगावं लागत नाही.

मी कारकुनाला सांगितलं की मी अकरा वर्षं या इमारतीत येतो आहे. त्याने मान वर करून मला नीट पाहिलं आणि विचारलं, कोणत्या दारातून?

बुधवार किमतीच्या वाटाघाटीत गेला. भारत आणि पाकिस्तान यांच्यात कालव्याच्या पाण्यावर चाललेली बोलणी मी कचेरीत तारेवर वाचत असे. ती आत्यापुढे सरळ वाटावीत! तिने तीन हजारांवरून एकोणीसशे केले. मी दीडशे केले. तिने माझ्या मुंजीत स्वतः केलेल्या लाडवांची संख्या काढली. आतोबांना विचारलं तर त्यांनी आरामखुर्चीतून सांगितलं की तीस वर्षांत त्यांना त्या झोपाळ्यावर कोणी बसू दिलेलं नाही, त्यामुळे त्यांना किमतीचा अंदाज नाही. शेवटी पाचशेवर तह झाला. नवे कागद, नक्कल, परिशिष्ट आणि तुटक्या चोचीची नोंद, सगळं तयार झालं. पाचशेच्या फीचे स्टँप मी स्वतः पहिल्या पानावर ओळीत चिकटवले. त्यांच्यावर अशोकस्तंभाचे सिंह होते.

इथे मी एक चूक केली. माझं ज्ञान दाखवायच्या भरात मी आत्याला सांगितलं की कोर्टात स्टँप घेतला की यंत्राने सिंहाच्या डोक्यालाच भोक पाडतात, म्हणजे तो पुन्हा वापरता येत नाही. नंतर देवापुढे कागद ठेवून ती बराच वेळ काहीतरी करत होती, ते मला दिसलं होतं. मी ते भक्तीच्या सदरात टाकलं.

गुरुवारी दुपारी दोन पस्तीसला मी खिडकीवर होतो. आधी का नाही? कारण गुरुवारचा राहुकाळ, म्हणजे शुभकामाला वर्ज्य वेळ, दीड ते तीन असतो हे आत्याला माहीत होतं आणि मला बाराच्या आत निघायचा हुकूम होता. पण बारा वाजता माझ्या संपादकांना एका फाशीच्या निकालाची बातमी होणा होती. आत्याच्या 'होणा'इतकीच तीही टाळता येत नव्हती. एग्मोरहून विजेच्या गाडीने फोर्ट स्टेशन, तिथून धावत कोर्टाची लाल इमारत.

कारकुनाने नक्कल पाहिली, परिशिष्ट पाहिलं, किंमत पाहून मान डोलावली. मग तो स्टँपांपाशी थांबला आणि अदबीने विचारलं की हे स्टँप आधी कुठे वापरलेले आहेत का?

मी वाकून पाहिलं. प्रत्येक सिंहाच्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. एकही सिंह सुटला नव्हता.

मी म्हणालो की हे कुंकू आहे. त्यालाही ते दिसत होतं. त्याच्या घरीही असतं, दाराच्या चौकटीला, शिलाईच्या यंत्राला, बायकोच्या भावाच्या सायकलला. पण खूण केलेला स्टँप घ्यायची त्याला मुभा नव्हती. स्टँपावर खूण करायचा अधिकार एकट्या कोर्टाचा. एवढं सांगून त्याने टेबलावरचं भोक पाडायचं यंत्र उचलून मला दाखवलं, जणू त्या अधिकाराचं वजन किती आहे ते मला कळावं.

नवे स्टँप आणायला मी आवारातल्या स्टँपविक्रेत्याकडे धावलो. दुसऱ्याच्या कामासाठी रांगेत उभे राहिलेले वकिलांचे गुमास्ते माझ्यापुढे चौदा होते. मी परत आलो तेव्हा तीन वाजून दोन मिनिटं झाली होती आणि खिडकीला लाकडी फळी लागली होती. तीही फणसाची असावी.

माझ्या हिशेबाने दावा मेला होता.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. ओरडा खायची तयारी ठेवली होती. आत्याने एवढंच विचारलं की डोक्याला भोक पाडणार म्हटल्यावर त्या बिचाऱ्या सिंहांना कुंकू न लावता पाठवायचं होतं का? मग ती देवघराच्या उंबऱ्यावर बसली.

मग आत्या उठली आणि म्हणाली, "संपलं ना? मग आता वैर कसाला? राममूर्तीरावांना पत्रिका द्यायची राहिली आहे. चल."

मी म्हणालो की ज्याच्यावर दुपारी दावा लावत होतो त्याच्या घरी संध्याकाळी पत्रिका?

"दुपारी लावत होतास. लागला का?" आत्या म्हणाली.

तिचं म्हणणं बिनतोड होतं. शिवाय पत्रिकेत, घरच्या वडीलधाऱ्यांच्या यादीत, राममूर्तींचं नाव तिनेच घालायला लावलं होतं. पंचवीस वर्षांचा शेजार तीन वर्षांच्या पत्राने पुसला जात नाही, असं ती जिना उतरता उतरता म्हणाली. विमला असती तर तिने पत्रिका हक्काने मागून घेतली असती, असंही.

विमला म्हणजे राममूर्तींची बायको. आम्ही घर सोडलं त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. शेवटचे आठ महिने तिला पलंगावर झोपवत नसे, ती आमच्या झोपाळ्यावर निजायची आणि राममूर्ती बाजूला बसून पायाने हळूहळू झोका द्यायचे. हे मला माहीत होतं. तीन वर्षं ते मी झोपाळ्याच्या पत्राशी जोडून पाहिलं नव्हतं. आत्याने पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. "म्हणून तर मी गप्प बसले," ती बसमध्ये म्हणाली. "पण पोरीचं लग्न आलं. मी तरी काय करू?"

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही ट्रिप्लिकेनला पोचलो. राममूर्ती झोपाळ्याशेजारच्या खुर्चीवर बसले होते, झोपाळ्यावर नाही. आत्याने पिशवीतून चांदीचं ताट काढलं. विड्याची पानं, नारळ, हळदीचे चार कोपरे आणि मधोमध कुंकू लावलेला लांबट घडीचा कागद. त्यांनी उठून तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, चष्मा शोधला आणि उभ्या उभ्या वाचू लागले.

ते वाचत राहिले. मग त्यांनी पान उलटलं.

लग्नपत्रिकेला दुसरं पान नसतं. देवघरात पत्रिका आणि परत आलेला दावा शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोघांच्या कोपऱ्यांना हळद, दोघांवर कुंकू. आत्याने त्यातला वरचा उचलला होता.

"वहिनी," राममूर्ती सावकाश म्हणाले, "यात माझं नाव आहे."

"असणारच," आत्या प्रेमाने म्हणाली. "मीच घालायला सांगितलं."

राममूर्ती खाली बसले. खरं म्हणजे मी खुलासा करायला हवा होता. पण त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली होती, आणि एकतीस वर्षं ज्या हाताने दावे तपासले तो हात आता आपोआप चालू लागला होता. त्यांनी विचारलं की हे कोणी लिहिलं? मी कबूल केलं. त्यांनी 'ऐतिहासिक' हा शब्द खोडला आणि म्हणाले की हा दावा आहे, अग्रलेख नव्हे. पोपट चार लिहिले आहेत ते सहा आहेत, दोन भिंतीकडच्या बाजूला असल्यामुळे मला कधी दिसलेच नसावेत. प्रतिवादीचा, म्हणजे त्यांचा, घरक्रमांक चुकला आहे. मग त्यांची पेन्सिल पाचशेवर टेकली.

एव्हाना आत्याला काय झालं ते कळलं होतं. पण ती हटली नाही. ताट मांडीवर घेऊन ती म्हणाली की पाचशे तिला कमीच वाटतात.

राममूर्ती म्हणाले की वहिनी, असल्या वस्तूची किंमत लिहायचीच नसते. मग त्यांनी समासात, ठळक अक्षरांत, एक वाक्य लिहिलं आणि मराठी करून सांगितलं. या वस्तूचं मोल वादीला करता येत नाही, केवळ कोर्ट फीपुरती किंमत रुपये एकशेपंचाहत्तर. आत्याने ते दोनदा ऐकलं. 'केवळ फीपुरती' हे शब्द तिला पटले. तीन दिवस मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी दोन शब्दांत केलं.

मी राममूर्तींना म्हणालो की मामा, आता याचा उपयोग नाही. मुदत आज तीनला संपली.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं?"

मीच मोजली होती.

"ज्या दिवशी पत्र मिळालं तो दिवस धरायचा नाही," राममूर्ती म्हणाले. "मुदत उद्या संपते. उद्या तीनला."

आपण काय बोललो, कोणाला बोललो आणि कोणाविरुद्ध, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. पेन्सिल कागदावर तशीच उभी राहिली. त्यांनी एकदा रिकाम्या फळीकडे पाहिलं. बाहेर एक रिक्षावाला कोणाशी तरी दोन आण्यांसाठी भांडत होता. नवे पैसे येऊन सव्वा वर्ष झालं तरी भांडण आण्यांतच होत असे.

"पण असला कागद उद्याही परत येईल," ते शेवटी म्हणाले. "पोरीला टाइपरायटर घेऊन सकाळी इकडे पाठवा."

शुक्रवार, ता. २२ ऑगस्ट. साडेदहा ते बारा राहुकाळ, म्हणून बारा वाजून एक मिनिटाने आम्ही निघालो. मी, आत्या आणि प्रतिवादी. राममूर्तींनी पांढरा बंद गळ्याचा कोट आणि जरीची पगडी घातली होती, निवृत्तीच्या दिवशी घातली होती तीच. स्टँप त्यांनी स्वतः घेतले, स्वतः चिकटवले, आणि कोर्टापर्यंत पाकीट आत्याच्या हातात दिलं नाही.

खिडकीवरचा कारकून त्यांना पाहताच उभा राहिला. त्याच्या नोकरीचा पहिला दिवस राममूर्तींच्या हाताखाली गेला होता. बसा म्हणेपर्यंत तो बसेना. त्याने दावा पाहिला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर चांगलं पुस्तक हाती आलेल्या वाचकाचा आनंद दिसला. मग त्याने नियमाप्रमाणे विचारलं की आपण कोणाच्या वतीने आलात?

"मी प्रतिवादी," राममूर्ती म्हणाले.

कारकुनाने नियमांचं पुस्तक काढलं. प्रतिवादीने वादीचा दावा आणून देऊ नये, असं कुठे लिहिलं आहे का ते त्याने वीस मिनिटं शोधलं. मागच्या रांगेतल्या गुमास्त्यांपैकी दोघांनी मदत केली. कुठेही लिहिलेलं नव्हतं. कोणी असं करील हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. दोन वाजून एकावन्न मिनिटांनी यंत्राचा कट्ट असा आवाज आला आणि सिंहाच्या डोक्याला भोक पडलं. आत्याने डोळे मिटून घेतले. दावा दाखल झाला. मुदतीला नऊ मिनिटं शिल्लक होती.

आवारातल्या कॉफीच्या दुकानात आत्याने राममूर्तींना कॉफी दिली आणि विचारलं की मग ऊंजल कधी पाठवता? वसंताचं लग्न चारला आहे.

राममूर्तींनी पेल्यातली कॉफी दोनदा वरून खाली ओतून निववली. मग म्हणाले की रविवारी पाठवणार होतो. गेल्या महिन्यात बाजारात वसंताच्या लग्नाचं कानावर आलं तेव्हाच सुताराला सांगून ठेवलं होतं, चोच बसवायला. पत्रिका आली की लगेच झोपाळा परत द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पत्रिकेची वाट पाहत होतो.

आत्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मी पटकन म्हणालो की मग रविवारीच पाठवा.

"आता कसा पाठवणार?" राममूर्ती म्हणाले. "आता तो वादातली वस्तू आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय जागेवरून हलवता येणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी प्रेसच्या खोलीत तीन वकिलांना विचारलं. तिघांनीही हसून सांगितलं की असं काही नाही, दोन्ही पक्षांची राजीखुशी असेल तर आजच खांद्यावर टाकून न्यावा. मी ते राममूर्तींना कळवलं. त्यांचं म्हणणं पडलं की हे वकिलांचं मत झालं, पद्धत नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी वादातली सुईसुद्धा हलू दिली नव्हती आणि स्वतःच्या घरापासून सुरुवात करायचा त्यांचा विचार नव्हता. त्यावर आत्याने मला सांगितलं की त्यांना जोर करू नकोस. ज्या माणसाने आपला दावा मुदतीत बसवला, त्याची पद्धत मोडायची नाही.

तेव्हा अर्ज करायचा ठरलं. लग्नासाठी झोपाळा वादीच्या घरी नेण्याची परवानगी मिळावी, प्रतिवादीची हरकत नाही. मजकूर अर्थातच प्रतिवादीने लिहिला. आत्याने सही केली आणि एका छोट्या स्टँपासह अर्ज राममूर्तींच्या घरी ठेवला. तो तिच्या देवघराच्या आसपासही फिरकू द्यायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, राममूर्तींनी तो स्वतः खिडकीत दिला.

हे मी शुक्रवारी, एकोणतीस ऑगस्टला, संध्याकाळी पाच वाजता लिहितो आहे. आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अर्ज परत आला. कारण एकच, स्टँपावर कुंकू.

मी आत्याला विचारलं. तिने देवाची शपथ घेतली, आणि मी तपास केला तेव्हा तिचं म्हणणं खरं निघालं. आत्याचं कुंकू लालभडक असतं आणि टिळा गोल, करंगळीशेजारच्या बोटाचा. हा टिळा थोडा लांबट, थरथरत्या हाताचा, आणि कुंकू जुनं, काळसर पडलेलं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या करंड्यात असतं तसं. असा करंडा, विमलाचा, मला माहीत असलेल्या एकाच घरात आहे.

राममूर्तींना मी काहीच विचारलं नाही. कारकुनानेही विचारलं नाही. त्याने परत करण्याची चिठ्ठी त्यांच्या हातात देताना उभं राहून दिली, एवढं मी पाहिलं. राममूर्तींनी ती वाचली, घडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि नवा स्टँप आणायला गुमास्त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी निघालो तेव्हा त्यांच्यापुढे अकराजण होते.

लग्नाला सहा दिवस आहेत. पोपटाला चोच बसली आहे. झोपाळा ट्रिप्लिकेनलाच आहे.